लॅब्राडॉर मागच्या पायाने लंगडतोय. फिजिओथेरपीने फरक पडतो का?

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. आमचा बंडू, लॅब्राडॉर, वय साडेआठ, नसबंदी झालेली. वजन गेल्या वेळी ४१ किलो भरलं. मुलुंड पूर्वेला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. घरभर गुळगुळीत टाइल्स.

गणपतीच्या आसपास पहिल्यांदा लक्षात आलं की झोपून उठताना त्याला वेळ लागतोय. आधी पुढचे पाय रोवतो, मग मागचा भाग ओढून वर घेतो. पहिली काही पावलं अगदी आखडलेली, मग मोकळा होतो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून माझ्याकडे बघत बसतो. बसताना एक मागचा पाय बाजूला फेकून बसतो, पूर्वी असा बसायचा नाही. बाकी खाणंपिणं, शेपूट हलवणं सगळं व्यवस्थित. कण्हत नाही, रडत नाही.

आई म्हणते वय झालं, माणसाचेही गुडघे दुखतात. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांत थोडी झीज आणि एका गुडघ्यात सूज आहे म्हणाले. आठवड्याभराचं दुखण्यावरचं औषध दिलं, वजन उतरवा आणि फिजिओ करा असं सांगितलं. पण फिजिओ म्हणजे नक्की काय, ते कोणी सांगत नाही. माणसांसारखी मशिनं लावतात का? घरी काय करता येईल? सोसायटीतले एकजण म्हणतात समुद्रावर न्या, पोहू द्या. आणि एक साधी गोष्ट आमची आम्हालाच कळत नाहीये, दुखतोय नक्की कोणता पाय? नवरा म्हणतो डावा, मला उजवा वाटतो.

कांदिवलीकर

आमच्या बीगलला असंच व्हायचं. घरात असते ती आपली नेहमीची दुखण्याची गोळी अर्धी करून पोळीत घालून द्यायचो, तासाभरात पळायला लागायचा. शिवाय तिळाच्या तेलाने मालिश. फार टेन्शन घेऊ नका, लॅबना या वयात होतंच.

परळची_फिजिओ

मुलुंडताई, सगळ्यात आधी वरच्या गोळीबद्दल. देऊ नका. कांदिवलीकर, तुमचा हेतू चांगला आहे हे मला दिसतंय, पण हा धागा उद्या आणखी कोणीतरी वाचेल म्हणून स्पष्टच लिहिते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅकही तसंच घातक. पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला तर यकृत आणि रक्त, दोन्हीवर घाला येतो. बंडूला तर आधीच व्हेटचं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचं, औषध चालू आहे. त्याच्या जोडीला दुसरी वेदनाशामक गोळी किंवा स्टेरॉइड गेलं तर धोका कितीतरी वाढतो. आणि चालू औषधावरही लक्ष ठेवा. उलटी झाली, खाणं सुटलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा.

आता माझ्याबद्दल दोन ओळी. मी माणसांची फिजिओ. बरीच वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात हाडांच्या विभागात काढली, मग कुत्र्यांच्या पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं. आता दादर-परळ भागातल्या व्हेट लोकांबरोबर काम करते. त्यांनी तपासून पाठवल्याशिवाय मी कुत्र्याला हात लावत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांचा आहे. पण हा फक्त कायद्याचा प्रश्न नाही. निदान नसताना केलेला व्यायाम फाटलेल्या अस्थिबंधाचं, म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणाऱ्या दोराचं, वाटोळं करतो. म्हणून "कोणते व्यायाम करू" हा प्रश्न शेवटी घेऊ. आधी तुमच्या दोघांच्या वादाकडे येते, कारण माझ्या मते खरं काम तिथेच आहे. बंडू कसा चालतो हे सगळ्यात जास्त वेळ तुम्ही बघता. व्हेटच्या टेबलावर भीतीने ताठ झालेला कुत्रा काहीच दाखवत नाही.

सपाट, सरळ, न घसरणारी जागा शोधा. इमारतीखालचं पार्किंग चालेल, फक्त मांजरं नसलेली वेळ गाठा. नवऱ्याला बंडूचा पट्टा धरून चालवू दे, पट्टा सैल हवा. ताणलेला पट्टा डोकं ओढून धरतो आणि चाल बिघडवतो. तुम्ही खाली बसा. फोन बंडूच्या उंचीवर धरा आणि स्लो-मोशनमध्ये तीन बाजूंनी व्हिडिओ घ्या: तो तुमच्याकडे येताना, दूर जाताना आणि बाजूने. आधी संथ चाल, मग दुडकी. संथ चालीत चार पाय एकामागून एक पडतात, एका वेळी जमिनीवर बहुधा दोन-तीन पाय असतात, त्यामुळे दुखरा पाय लपतो. दुडक्या चालीत तिरप्या जोडीचे दोनच पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा किंवा याच्या उलट, एका वेळी टेकलेले असतात. तिथे लपवाछपवी जमत नाही.

आता बघायचं काय? कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकला की डोकं वर उडतं आणि चांगला पाय टेकला की खाली येतं. मागच्या पायासाठी मागून बघा. दुखरा पाय जमिनीला लागतो तेव्हा त्या बाजूची कंबर जास्त वर उचलली जाते, कारण तो त्या पायावर पूर्ण वजन टाकायला तयार नसतो. शिवाय दुखरा पाय जमिनीवर कमी वेळ राहतो. एक गोष्ट मात्र चकवते. मागचा उजवा पाय फार दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा वजन पुढे ढकलण्यासाठी डोकं खाली घालतो. मग बघणाऱ्याला वाटतं की उजवा पुढचाच पाय दुखतोय. म्हणून डोकं आणि कंबर दोन्ही बघा. पंजांवर नजर ठेवून काही हाती लागत नाही.

तो उभा असतानाही मागून बघा. दोन्ही टाचा एका रेषेत आहेत का, एक पंजा नुसता टोकावर टेकलाय का? मग दोन्ही मांड्या दोन हातांच्या पंजात एकाच वेळी धरा. दुखरी मांडी हाताला बारीक आणि मऊ लागते. शिंप्याच्या टेपने घेरही मोजा. कुत्रा आठवडाभर जरी पाय वाचवून चालला तरी स्नायू उतरायला लागतो.

पुढची गोष्ट नखांची. वेदना असेल तर पाऊल आखूड पडतं, पण पंजा सरळ टेकतो. मज्जातंतूंचा त्रास असेल तर पंजा घासतो, टाइल्सवर खर्र असा आवाज येतो, मधल्या दोन बोटांची नखं वरच्या बाजूने झिजलेली दिसतात, पाय एकमेकांत अडकतात, कधी पंजा उलटाच टेकतो. या दोन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे. आणि कुठल्याही कुत्र्याचे, विशेषतः डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याचे मागचे पाय एकाएकी गेले किंवा त्याला लघवी होईनाशी झाली, तर फिजिओ शोधत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्या. मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जू दाबला गेला असेल तर तिथे तासातासाने फरक पडतो.

तुम्ही लिहिलेल्यातलं मला सगळ्यात खटकलं ते बसणं. पाय बाजूला फेकून बसणं, गुडघ्यात सूज आणि ४१ किलोचा लॅब. गुडघ्यातला पुढचा क्रुसिएट अस्थिबंध गेला असण्याची शक्यता व्हेटकडून नक्की तपासून घ्या. कुत्र्यांमध्ये हा अस्थिबंध बहुतेक वेळा एका धडाक्यात तुटत नाही. दोर झिजत जावा तसा आतून विरत जातो आणि एक दिवस साध्या उडीने सुटतो. साध्या एक्स-रेमध्ये अस्थिबंध दिसत नाही, दिसते ती सूज आणि झीज. हाताने करायची तपासणी असते, त्याला ड्रॉवर टेस्ट म्हणतात. मांडीचं हाड स्थिर धरून खालचं हाड पुढे सरकतंय का ते बघतात. कुत्रा ताठ असेल तर थोडी गुंगी देऊन करावी लागते. निम्मा फाटलेला असेल तर ही चाचणी फसवूही शकते, म्हणून अनुभवी हाडांच्या व्हेटला दाखवा. एवढ्या वजनाच्या कुत्र्यात पूर्ण फाटला असेल तर शस्त्रक्रियेचं मत घ्याच. टीपीएलओ नावाची शस्त्रक्रिया करतात, त्यात नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून, फिरवून प्लेट लावतात, म्हणजे गुडघा पुढे सटकत नाही. फिजिओ तिच्या आधी आणि नंतर लागतेच. पण तिच्याऐवजी फिजिओ करून भागेल का, हे तपासल्याशिवाय मी सांगणार नाही आणि कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणखी एक तपासणी मागून घ्या, रक्ताची. पावसाळ्यात मुंबईत गोचिडांचा सुळसुळाट असतो. टिक फीव्हरमध्ये, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या आजारात, सांधे सुजतात आणि कुत्रा आज या पायाने तर परवा त्या पायाने लंगडतो. ताप नसला तरी हे होऊ शकतं. नवरा डावा म्हणतो आणि तुम्ही उजवा, हे वाचून मला हीसुद्धा शंका आली.

"रडत नाही" याने निश्चिंत होऊ नका. सांध्याच्या जुन्या दुखण्याला कुत्रे क्वचितच आवाज करतात. रात्री विनाकारण धापा टाकणं, एकच सांधा चाटत राहणं, सोफ्यावर चढणं सोडून देणं, पाठीला हात लावला की दूर सरकणं, हीच त्यांची तक्रार असते. आणि आईंना माझ्याकडून सांगा, वय हा आजार नाही. वयाबरोबर येणारं दुखणं कमी करता येतं.

आता घरात काय करायचं. सगळ्यात मोठा उपचार वजन. हे मी डॉक्टरांची री ओढायची म्हणून म्हणत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर जन्मभर सांभाळून एक अभ्यास झाला, २००२ मध्ये तो छापून आला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं निघालं आणि दुसऱ्यांचं ११.२. शिवाय त्यांच्या सांध्यांची झीज उशिरा सुरू झाली. जवळजवळ दोन वर्षं, आणि तीही चालती-फिरती. बंडूच्या बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता बरगड्या मोजता यायला हव्यात. चहाबरोबरची बिस्किटं, पोळीचे तुकडे, आजीच्या ताटातला शेवटचा घास, हे सगळं धरून दिवसाचं माप व्हेटकडून ठरवून घ्या. बक्षीस म्हणून काकडी, गाजर किंवा दुधी द्या. लॅबला फरक कळत नाही, त्याला हातातून मिळाल्याचा आनंद असतो.

दुसरं, फरशी. गुळगुळीत टाइलवर दुखरा पाय बाहेर घसरला की सगळी मेहनत वाया. त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत न घसरणारा रस्ता करा. जुन्या योगा मॅट, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकटी, काथ्याच्या पायपुसण्या, काहीही चालेल, खालून सरकली नाही म्हणजे झालं. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा. नखं टाइलवर टकटक वाजत असतील तर ती लांब झाली आहेत, त्यामुळे पंजाचा कोन बिघडतो.

तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हे खरं अवघड आहे. चढताना मागच्या पायांवर भार येतो, उतरताना पुढच्या. जुना आंघोळीचा टॉवेल घडी करून त्याच्या पोटाखालून, मांड्यांच्या पुढून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरा. त्याला उचलायचं नाही, फक्त मागचा थोडा भार आपल्या हातात घ्यायचा. नर आहे, तेव्हा टॉवेल लघवीच्या जागेवर दाबला जाणार नाही असा धरा. प्रत्येक मजल्यावर थांबा. खाली जायच्या फेऱ्या दोनच ठेवा, मधल्या वेळेसाठी बाल्कनीत किंवा मोरीत सोय लावा. रिक्षात चढवतानाही आधी पुढचे पाय वर, मग टॉवेलने मागचा भाग. उडी मारून उतरू देऊ नका.

व्यायामाचं बोलायचं तर निदान होईपर्यंत मी एवढंच सांगेन: सैल पट्ट्यावर सपाट जागी अगदी संथ चालणं, थोडा थोडा वेळ. संथ म्हणजे इतकं संथ की प्रत्येक पावलाला तो पंजा टेकवायलाच हवा. वेग वाढला की कुत्रा तीन पायांवर भागवतो आणि चौथा आणखी बारीक होतो. चेंडू फेकणं बंद, दोऱ्या ओढणं बंद, इतर कुत्र्यांशी धुडगूस बंद. सकाळी आखडलेला असेल आणि गुडघा गरम किंवा सुजलेला नसेल, तर कंबरेला आणि खुब्याला कोमट शेक दहा मिनिटं. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. सुजून गरम असलेल्या गुडघ्याला थंड शेक, कापडात गुंडाळून. तेलाची मालिश कुत्र्याला करू नका. तो चाटतो, केस चिकटतात आणि आपल्या दमट हवेत कातडीला खाज सुटते. कोरड्या हाताने, केसांच्या दिशेने, हळू.

समुद्राबद्दल. नको. मऊ वाळूत पाय रुततो आणि पिळतो, लाटेत तोल सांभाळताना तर जास्तच, आणि किनाऱ्यावर काय काय पडलेलं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. पण पाण्यातला व्यायाम ही फार चांगली गोष्ट आहे. पाण्याखालच्या ट्रेडमिलवर पाणी घोट्यापर्यंत असेल तर कुत्र्याच्या पायांवर जमिनीवरच्या ९१ टक्के वजन येतं, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के आणि खुब्यापर्यंत भरलं तर ३८ टक्केच. म्हणजे दुखणाऱ्या सांध्याला भार न देता पूर्ण पाऊल टाकायला शिकवता येतं, आणि पाणी कमी करत करत तो भार परत वाढवता येतो. मुंबईत अशी सोय काही ठिकाणी झाली आहे. जाण्याआधी तीन प्रश्न विचारा. व्हेटची चिठ्ठी मागता का? पहिल्या दिवशी सांध्याचे कोन आणि मांडीचा घेर मोजून लिहून ठेवता का? घरी काय करायचं ते मला शिकवाल का? तिन्हींना हो असेल तर जा. लेझर, टेन्स (कातडीवरून हलका विजेचा प्रवाह देणारं), अल्ट्रासाउंड ही मशिनं असतात, वेदना कमी करायला मदत करतात. पण स्नायू मशिनने वाढत नाही, रोजच्या थोड्या थोड्या योग्य हालचालीने वाढतो. तो भाग घरीच होतो, तोही तुमच्याकडून.

शेफर्डवाले_काका

परळताईंनी नखांचं लिहिलं त्यावर थोडं लिहावंसं वाटलं. आमचा शेरू जर्मन शेफर्ड, पार्ल्याला. त्याला काहीच दुखत नव्हतं. पाठ दाबा, पाय ओढा, हूं की चूं नाही. फक्त मागच्या नखांचा आवाज यायला लागला आणि वळताना मागचा भाग झोकांडी खायचा. आमच्या व्हेटनी मणक्याची बाकी सगळी कारणं तपासून डिजनरेटिव्ह मायलोपथी असावी असं सांगितलं. मज्जारज्जू हळूहळू निकामी होतो, त्यावर औषध नाही. आम्ही दोघं नवराबायको त्या दिवशी जेवलो नाही.

फिजिओने आजार थांबला नाही, हे खरं. पण या आजाराच्या २२ कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास आमच्या फिजिओने दाखवला. रोज भरपूर फिजिओ मिळालेल्यांनी सरासरी २५५ दिवस काढले, मध्यम मिळालेल्यांनी १३० आणि अजिबात न मिळालेल्यांनी ५५. अभ्यास लहान आहे, तेही त्यांनी सांगितलं. आमच्यासाठी तेवढं पुरे होतं. दिवसातून अनेकदा थोडं चालणं, पंजाची बोटं एकेक करून हलवणं, चारी पायांवर उभं करून हलकेच इकडून तिकडे ढकलणं म्हणजे तो तोल सावरतो. बाहेर जाताना पंजात पायमोजा घालायचा, नाहीतर रस्त्यावर घासून रक्त येतं. शेवटी चाकाची गाडी केली. त्या गाडीवर तो गल्लीतून असा सुटायचा की भाजीवाला टोपली उचलून बाजूला व्हायचा. मुलुंडताई, तुमच्या बंडूचं दुखणं हे नसावं. पण कोणी "आता काय उरलंय" म्हणालं तर त्यांचं ऐकू नका. आम्हाला जे दिवस मिळाले ते सगळे त्याच्या पायांवर मिळाले.

भटक्यांचा_दोस्त

मी चेंबूरला गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालतो. परळताई, एक विचारू का? आमच्या गल्लीतल्या काळूला गाडीने उडवलं होतं. वय दीडेक वर्ष. मागच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं असं एक्स-रेत दिसतंय. तरी तो पाय उचलूनच धरतो, तीन पायांवर मजेत पळतो. लोक म्हणतात सोड, जगतोय ना. पण मला वाटतं की तो पाय परत चालायला हवा.

परळची_फिजिओ

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, आणि घाई करा. आधी एवढं बघा: काळू आडवा पडलेला असताना त्याचा गुडघा हळूच वाकवता येतो का? वाकत असेल तर ही बऱ्याच अंशी सवय आणि भीती आहे, त्यावर काम करता येईल. पाय काठीसारखा ताठ, मागे सरळ आणि अजिबात वाकत नसेल तर मांडीचा पुढचा स्नायू आखडून हाडाला चिकटला असण्याची भीती असते. लहान वयाच्या कुत्र्यात मांडीचं हाड मोडलं आणि पाय फार दिवस हलवला नाही की असं होतं. ते जुनं झालं की सोडवणं फार कठीण. जोर करून वाकवू नका, व्हेटला दाखवा.

वाकत असेल तर पट्टा लावून अगदी संथ चालवा. मग ठोकळ्यावर किंवा पायरीवर पुढचे दोन पाय ठेवून खाऊ द्या, म्हणजे वजन मागे येतं आणि डावा पाय टेकवावाच लागतो. जमिनीवर झाडूच्या दांड्या आडव्या टाकून त्यांवरून चालवा. आमच्याकडे एक युक्ती वापरतात, चांगल्या पायाच्या तळव्याखाली इंजेक्शनच्या सिरिंजचं टोपण टेपने चिकटवायचं. तो पाय नकोसा वाटतो म्हणून कुत्रा दुसरा टेकवतो. पण हे फिजिओ समोर असताना, काही मिनिटांपुरतंच. गल्लीत टोपण लावून मोकळा सोडू नका, तो ते चावून गिळेल. रोज खायला द्यायची वेळ ठरलेली असते, हा तुमच्या हातातला मोठा फायदा आहे. जेवणाआधीची थोडी मिनिटं याला द्या. भुकेला कुत्रा फार मन लावून शिकतो.

आणि काळूला लस कधी मिळाली नसेल आणि चालताना किंवा झोपेत एखादा पाय ठरावीक तालात झटके देत असेल तर तेही व्हेटला सांगा. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा रोग होऊन गेल्यावर असे झटके राहतात.

भटक्यांचा_दोस्त

वाकतो! पूर्ण नाही, पण वाकतो. झटके नाहीत. उद्याच व्हेटकडे नेतो.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी पहाटे पार्किंगमध्ये व्हिडिओ काढले. स्लो-मोशनमध्ये बघितल्यावर वाद उरलाच नाही, उजवी कंबर प्रत्येक पावलाला वर उडतेय. उजवी मांडी डावीपेक्षा ३ सेंटीमीटर बारीक भरली. नवऱ्याने तेच व्हिडिओ डॉक्टरांना दाखवले, त्यांनाही बरं वाटलं. गुंगी देऊन ड्रॉवर टेस्ट केली. हाड थोडं सरकतंय, अस्थिबंध अर्धवट फाटला असावा म्हणाले. टिक फीव्हरची चाचणी निगेटिव्ह आली. पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.

घरात दारापर्यंत मॅट टाकल्या. पहिल्याच दिवशी तो त्यांच्यावरून असा चालला, जणू फरशीची त्याला इतके दिवस भीतीच वाटत होती. आईने स्वतःहून बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. दुधी आवडला त्याला.

एकच विचारते. सुधारतोय की बिघडतोय हे आम्ही कसं ओळखायचं? रोज बघून बघून आता सगळं सारखंच दिसायला लागलंय.

परळची_फिजिओ

रोज नजरेने ठरवू नका, लिहून ठेवा. दर रविवारी त्याच पार्किंगमध्ये, त्याच वेळी, औषध दिल्यानंतर तेवढ्याच तासांनी तोच व्हिडिओ. मांडीचा घेर मोजताना दर वेळी तो उभाच हवा, चारी पाय सारखे टेकलेले, आणि टेप एकाच उंचीवर. त्यासाठी गुडघ्याच्या वाटीपासून वर किती बोटांवर टेप लावली ते लिहून ठेवा. मोजणारी व्यक्ती एकच असू दे, दोन हात टेप दोन तऱ्हांनी ओढतात. वजन दर दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर. सकाळी उठल्यावर मोकळं व्हायला किती पावलं लागतात तेही मोजा. हा आकडा घरच्यांना सगळ्यात लवकर काहीतरी सांगतो. फिरून आल्यावर लगेच लंगडला तर फार घाबरू नका. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त आखडला तर आदल्या दिवशीचं चालणं जास्त झालं. ते निम्म्यावर आणा आणि काही दिवस तिथेच ठेवा.

डाव्या गुडघ्यावरही लक्ष असू द्या. एका बाजूचा अस्थिबंध गेलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा दुसराही पुढे जातो, आणि आत्ता सगळा भार डावा पाय उचलतोय.

हाडांच्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा हे विचारून लिहून आणा: शस्त्रक्रिया केली तर पंजा टेकवायला कोणत्या दिवसापासून परवानगी, गुडघा किती वाकवायचा, जिना कधी. तिसऱ्या मजल्याचं आधीच सांगा, ते ऐकून त्यांचा सल्ला बदलू शकतो. शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे तळमजल्यावर कोणा नातेवाइकाकडे राहता येईल का तेही आत्ताच बघून ठेवा. त्यांची चिठ्ठी मिळाली की मला इथे कळवा, त्यात काय लिहिलंय त्याप्रमाणे पहिल्या पंधरवड्याचं काय करायचं ते लिहून देते.